मॉनिटर एक, मशिनं दोन: बेळगावच्या वडगावातल्या घरच्या नोंदी

६ जुलै २०२४, शनिवार

पुण्याहून रात्रीच्या बसने मॉनिटर आला. ३४ इंची, किंचित वाकलेला, ३४४० बाय १४४० चा. ऑफिसातला एक मित्र परदेशी निघालाय, त्याने सोळा हजारांत दिला. मूळ खोकं त्याच्याकडे नव्हतं, म्हणून दोन गोधड्यांत गुंडाळून पाठवला. पहाटे साडेपाचला पावसात तो मांडीवर आडवा घेऊन रिक्षाने घरी आलो. रिक्षावाला म्हणाला, "टीव्ही काय ओ?" होय म्हटलं. समजावत बसण्यासारखा पाऊस नव्हता. मित्राला वर एक किलो कुंदा कबूल केलाय, तो हिशेब वेगळा.

भानगड अशी आहे. पुढच्या खोलीतलं टेबल साडेतीन फुटांचं. एका अंगाला ओल धरलेली भिंत, दुसऱ्या अंगाला मागच्या शेडकडे जायचं दार, आणि शेडमध्ये अप्पांचे चार माग. याच टेबलावर दिवसा माझा कंपनीचा लॅपटॉप असतो आणि दुपारी नि रात्री वहिनींचं साडीचं जॅकार्ड डिझाईन, म्हणजे विणतानाच कापडात उतरणारी नक्षी, जुन्या डेस्कटॉपवर. डेस्कटॉप दहा वर्षांचा, इंटेलच्या चौथ्या पिढीचा, त्यात लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम घातलीय. त्याचा १९ इंची चौकोनी मॉनिटर आणि माझा लॅपटॉप आजवर एकमेकांना कोपरं मारत नांदले. दोन मोठे मॉनिटर बसतच नाहीत, म्हणून एकच रुंद घेतला. दोघांना पुरवायचा.

लॅपटॉपवर कंपनी काहीही इन्स्टॉल करू देत नाही. ही अट आजच लिहून ठेवतो.

७ जुलै, रविवार

जोडणी केली. लॅपटॉप यूएसबी-सीने, डेस्कटॉप एचडीएमआयने. दोन्हीकडे चित्र आलं, पण दोन्हीकडे काहीतरी कमी आलं.

लॅपटॉपवर १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला शंभर चित्रं, यायला हवे होते, ६० च मिळाले. अर्धा तास केबलला शिव्या घातल्यावर मॉनिटरच्या मेनूत उत्तर सापडलं. यूएसबी-सीच्या केबलमध्ये वेगवान डेटाच्या चार वाटा असतात. मॉनिटरच्या यूएसबी भोकांना पूर्ण वेग द्यायचा तर दोन वाटा तिकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात. त्या दोनांतून सेकंदाला ८.६४ गिगाबिट चित्र जातं. या रुंदीला ६० हर्ट्झसाठी पावणेआठच्या आसपास लागतात, ते मावतात. १०० ला तेराच्या आसपास लागतात, ते कुठून मावणार? मेनूत 'यूएसबी-सी प्राधान्य' अशी ओळ होती, तिथे 'रिझोल्यूशन' निवडलं. चारही वाटा चित्राला गेल्या, १०० हर्ट्झ आले. यूएसबीचा वेग जुन्या २.० वर उतरला, पण कीबोर्ड-माऊसला त्याहून जास्त लागतंय कशाला?

डेस्कटॉपवर मात्र ५० हर्ट्झवर गाडी अडली ती अडलीच. या आकाराला ६० हर्ट्झसाठी पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवायचा वेग, लागतो ३२० मेगाहर्ट्झ. एचडीएमआय १.४ च्या नियमात ३४० पर्यंत मुभा आहे, पण या पिढीचा इंटेल ग्राफिक्स एचडीएमआयवर ३०० लाच थांबतो. ५० हर्ट्झला २६५ लागतात, तेवढं चालतं. वहिनींना विचारलं, माऊस अडखळल्यासारखा वाटतोय का. म्हणाल्या, "नाही ओ, मोठं दिसलालंय तेवढंच बरं." विषय संपला.

१० जुलै, बुधवार

तीन दिवस मोजलं. पाळी बदलताना मॉनिटरच्या पाठीमागची गोळी चाचपडायची, मेनू उघडायचा, दोनदा खाली, एकदा आत, परत एकदा खाली, मग दाबायचं. वर कीबोर्ड आणि माऊसच्या दोन वायरी एकीकडून काढून दुसरीकडे खोचायच्या. दिवसातून सहा वेळा. आज वहिनींचा हात चुकून रंगांच्या मेनूत गेला आणि तासभर सगळी जर निळसर दिसत होती. त्यांनी एका बुट्ट्याचा रंग त्या निळ्यावर बेतून बदलला, मग उद्योग उलटा करावा लागला. मला मीटिंगमधून उठता येत नव्हतं.

एका बटणात व्हायला पाहिजे. अप्पांनाही जमेल असं.

१३ जुलै, शनिवार

खडेबाजारातल्या एका दुकानातून एचडीएमआयचा केव्हीएम आणला, एकवीसशे रुपये. एक कीबोर्ड, एक माऊस, एक मॉनिटर, दोन मशिनं, मधे ही डबी. खोक्यावर '४के' असं ठळक आणि खाली '३० हर्ट्झ' असं मुंगीएवढं. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

लावल्यावर दोन्ही मशिनांना मॉनिटर १९२० बाय १०८० चा दिसायला लागला. याचं कारण ईडीआयडी. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात एक छोटी ओळखचिठ्ठी असते, पहिला तुकडा १२८ बाइटचा. मी कोण, मला कुठकुठले आकार चालतात, हे त्यात लिहिलेलं असतं आणि मशीन ते वाचून चित्र पाठवतं. ही डबी मॉनिटरची चिठ्ठी पुढे न देता आपल्याच खिशातली एक ठरलेली चिठ्ठी दोन्हीकडे दाखवते, म्हणजे पाळी नसलेल्या मशीनला मॉनिटर गेल्याचा धक्का बसू नये. हेतू चांगला, पण त्या चिठ्ठीत रुंद पडद्याचं नाव नाही. शिवाय लॅपटॉपला एचडीएमआय भोकच नसल्यामुळे आणखी एक जोड लागला आणि चार्जिंगची वायर वेगळी झाली. टेबलावर आधी होत्या त्यापेक्षा दोन वायरी जास्त.

दुकानदाराने परत घेतला. पैसे नाहीत, त्या किमतीचं सामान घ्या म्हणाला. बघू.

चांगला केव्हीएम मिळतो, रुंद पडद्याची चिठ्ठी नीट पुढे देणारा, पण त्याची किंमत या मॉनिटरच्या जवळपास जाते.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. साबुदाणा, भगर. लाईट दोनदा गेली. काम काही नाही.

२१ जुलै, रविवार

मॉनिटरमध्येच एक सोय आहे जिच्याकडे मी दोन आठवडे पाहिलं नव्हतं: पीबीपी, चित्राशेजारी चित्र. पडदा मधोमध कापून डावीकडे एक मशीन, उजवीकडे दुसरं. प्रत्येकाच्या वाट्याला १७२० बाय १४४०. दादा चहा घेऊन आला, बघितलं आणि म्हणाला, "झालं, घरातबी सीमा आखली. मधली रेघ कुणाच्या हद्दीत?" रेघ नाहीच, काळं काही दिसत नाही, दोन चित्रं थेट चिकटतात. पण बेळगावातल्या माणसाला असला विनोद सुचणारच.

डावीकडे माझा लॅपटॉप लगेच बरोबर बसला. उजवीकडे डेस्कटॉप आला तो १९२० बाय १०८० समजून, आणि मॉनिटरने ते चित्र १७२० बाय १४४० च्या चौकटीत ओढून-ताणून भरलं. वहिनींनी पहिल्या क्षणी ओळखलं. "भावजी, ही कोयरी उभी का झालीय ओ?" मला तोपर्यंत अक्षरं जराशी वेगळी वाटत होती एवढंच. हिशेब केला: आडवं चित्र दहा टक्क्यांनी दबलंय, उभं तेहतीस टक्क्यांनी ताणलंय. म्हणजे कोयरी जवळजवळ दीडपट उंच.

आता मजा पुढे. मी दुरुस्त करायला बसलो. मिंटमध्ये टर्मिनलवरून १७२० बाय १४४० चा नवा मोड तयार केला, ६० हर्ट्झचा. त्याला १६७ मेगाहर्ट्झ पुरतात, त्यामुळे ३०० ची आडकाठी इथे येत नाही आणि अर्ध्या पडद्यावर डेस्कटॉप पहिल्यांदाच ६० वर चालला. मोड लावला. कोयरी परत मूळ आकारात आली. मी खूश. वहिनी म्हणाल्या, "मगाचंच ठेवा की."

का?

"कापडावर ती तशीच उभी दिसतीय ओ. म्हणून तर मी इथे बसकी काढते."

मग त्यांनी समजावलं, आणि मागांच्या घरात जन्मून मला हे माहीत नव्हतं याची थोडी लाज वाटली. जॅकार्डच्या डिझाईनमध्ये एक पिक्सेल म्हणजे ताण्याची एक उभी तार आणि बाण्याची एक आडवी तार जिथे भेटतात ती जागा. आमच्या साडीला इंचात ८४ तार ताणा आणि ५६ तार बाणा. म्हणजे कापडावरचा पिक्सेल चौकोनी नसतोच. रुंदीला इंचाचा चौऱ्याऐंशीवा भाग, उंचीला छप्पन्नावा. दीडपट उभा. पडद्यावर १६८ बाय १६८ ची गोल फिरवलेली कोयरी कापडावर दोन इंच रुंद आणि तीन इंच उंच उतरते. त्यामुळे त्या मनातल्या मनात दीडने भागून, चपटी कोयरी काढतात आणि पंचिंगवाल्याकडे ती फाईल पाठवून, मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं तयार होऊन, मागावर हातभर कापड निघेपर्यंत श्वास धरून बसतात.

मॉनिटरने जे वाकडं केलं ते नेमकं कापडाइतकंच वाकडं होतं. योगायोग, पण दीडला दीड.

अप्पा मागून ऐकत होते. म्हणाले, पूर्वी ग्राफचा कागदच तसा मिळायचा, आडवी घरं वेगळी, उभी वेगळी, कापडाच्या हिशेबाने. कागद निवडतानाच निम्मं काम व्हायचं.

आजच्यापुरतं मोड काढून टाकला आणि चुकीचं ठेवलं. अक्षरं उंच दिसतात, दिसू देत. हे नीट करायला पाहिजे पण कसं ते ठरलं नाही.

२५ जुलै, गुरुवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. भिंतीची ओल टेबलाच्या उंचीपर्यंत आली. सकाळी डेस्कटॉपच्या पत्र्याला आणि मॉनिटरच्या स्टँडला एकाच वेळी हात लागला तर मुंग्या आल्या. दोनदा. एचडीएमआयची वायर खोचताना ठिणगीही दिसली.

हे हसण्यावारी न्यायचं नव्हतं. मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, आवाज गाळायला. अर्थिंग धड असेल तर तो गळका करंट जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. करंट अगदी बारीक असतो, पण दोन मशिनं एकाच मॉनिटरला बांधली की तो वाट शोधत एचडीएमआयच्या भोकातून जातो. एक मशीन असताना हे कधी कळलंच नव्हतं.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बल्बचं एक टोक फेजला नि दुसरं अर्थच्या पिनला लावलं, बल्ब पेटला नाही. मागच्या अंगणातल्या खड्ड्याकडे जाणारी तार गंजून तुटली होती. नवी ओढली, खड्ड्यात मीठ-कोळसा-पाणी घातलं, परत बल्ब लावला, लख्ख पेटला. "आयतु री," म्हणाला आणि साडेसातशे घेऊन गेला. या सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च हाच असावा. मागांच्या मोटरींनाही तेच अर्थिंग होतं.

२८ जुलै, रविवार

पीबीपीचा आठवडा. एका गोष्टीसाठी ते फार चांगलं निघालं. मीटिंगमध्ये पूर्ण पडदा दाखवला की पूर्वी समोरच्यांना ३४४० रुंदीची पट्टी दिसायची, अक्षरं मुंगीएवढी. आता लॅपटॉपला वाटतं आपला पडदा १७२० चाच आहे, तेवढंच पलीकडे जातं आणि वाचता येतं. वहिनींची अर्धी बाजू त्यात येत नाही, कारण ती लॅपटॉपची नव्हेच.

पण रोजचं म्हणून नाही जमत. मला दिवसा पूर्ण रुंदी हवी, त्यांना रात्री पूर्ण पदर एका नजरेत हवा. आणि दोघं एकाच वेळी बसलो तर खुर्च्या कुठे मावतात?

आणखी एक: समोरचा माग सुरू करताना एचडीएमआयचं चित्र दोन सेकंद काळं व्हायचं, यूएसबी-सीचं नाही. पाच मीटरची स्वस्त वायर मोटरच्या स्टार्टरजवळून वळसा घेऊन येत होती. दोन मीटरची आणली, सरळ ओढली, थांबलं.

३ ऑगस्ट, शनिवार

खडेबाजारच्या त्या दुकानातल्या अडकलेल्या पैशांतून यूएसबीचा स्विच घेतला, साडेआठशेचा. चित्राशी त्याचा संबंध नाही. कीबोर्ड आणि माऊस त्यात खोचायचे, त्यातून दोन वायरी दोन मशिनांना, वर एक बटण. दाबलं की दोन्ही इकडून तिकडे. उरलेल्या पैशांचा पेन ड्राइव्ह घ्यावा लागला, घरात असे आता पाच आहेत.

निम्मं काम झालं. चित्र अजून हातानेच बदलायचं.

लॅपटॉप आणि डेस्कटॉपमध्ये नेटवर्कवरून माऊस सरकवणारी सॉफ्टवेअरं मिळतात, इनपुट लीप आणि तसली. एकाच्या कडेवरून माऊस थेट दुसऱ्यात. पीबीपीबरोबर ते भारी दिसलं असतं. पण दोन्हीकडे इन्स्टॉल करावं लागतं, आणि पहिल्या दिवशी लिहिलेली अट आडवी येते. कंपनीकडे विनंती करून बघ, असं दादा म्हणाला. माझे सगळे टाइप केलेले शब्द ज्यातून जाणार ते सॉफ्टवेअर घरच्या मशीनवरून चालवू द्या, असं कुठल्या तोंडाने विचारू? मी त्यांच्या जागी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं.

४ ऑगस्ट, रविवार

सापडलं! दिवसभर जेवायचंही भान नव्हतं.

मॉनिटरला केबलमधूनच आज्ञा देता येतात. डीडीसी/सीआय नावाची सोय आहे, १९९८ पासूनची. एचडीएमआयच्या वायरीत चित्राच्या तारांशिवाय दोन बारीक तारा असतात, १५ आणि १६ नंबरच्या पिनांवर. ज्यातून मशीन मॉनिटरची ओळखचिठ्ठी वाचतं त्याच. त्यातूनच उलटा निरोप पाठवायचा: उजेड कमी कर, आवाज वाढव, इनपुट बदल. प्रत्येक गोष्टीला ठरलेला क्रमांक असतो. इनपुटचा आहे हेक्साडेसिमल (सोळाच्या पटीतल्या मोजणीतला, ज्यात अक्षरंही येतात) ६०. त्यात ०एफ लिहिलं की डिस्प्लेपोर्ट, ११ लिहिलं की पहिलं एचडीएमआय, १२ लिहिलं की दुसरं. यूएसबी-सीला आमच्या मॉनिटरने १बी सांगितलं. हा शेवटचा आकडा कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे मॉनिटरलाच विचारून घ्यायचा.

लिनक्सवर हे सगळं डीडीसीयुटिल नावाचं सॉफ्टवेअर करतं. त्या दोन तारांशी बोलणारं मॉड्यूल चढवलं, त्या वापरायची मुभा असलेल्या आयटूसी गटात स्वतःला घातलं, लॉगआऊट होऊन परत आलो. पहिली आज्ञा दिली: ६० ला १बी. पडदा काळा झाला, आणि दोन सेकंदांनी समोर लॅपटॉप! गोळीला हात न लावता.

आता खरा प्रश्न. मॉनिटर लॅपटॉपच्या इनपुटवर असताना डेस्कटॉपचं ऐकेल का? कारण लॅपटॉपला तर काही बोलता येणार नाही, त्याचं तोंड कंपनीने बांधलंय. बरेच मॉनिटर पडद्यावर नसलेल्या मशीनचं ऐकून घेत नाहीत. एसएसएचने मोबाइलवरून डेस्कटॉपमध्ये शिरलो आणि ६० ला ११ लिहिलं. पडदा काळा. एक, दोन. कोयरी आली.

म्हणजे सगळी कामं एकट्या डेस्कटॉपने करायची. यूएसबी स्विचचं बटण दाबलं की कीबोर्ड डेस्कटॉपला येतो किंवा त्याच्यापासून जातो. लिनक्सला दोन्ही कळतं. कीबोर्ड आला, तर मॉनिटरला सांग 'माझ्याकडे ये'. कीबोर्ड गेला, तर सांग 'यूएसबी-सीकडे जा'. लॅपटॉपला यातलं काही माहीत असायची गरजच नाही, त्याला वाटतं कुणीतरी वायर काढली आणि घातली. ज्याच्या हातात कीबोर्ड त्याचा पडदा.

यूडेव्हमध्ये, म्हणजे काही खोचलं-काढलं की दखल घेणाऱ्या लिनक्सच्या भागात, दोन नियम लिहिले, कीबोर्डचे दोन ओळख क्रमांक घालून. यूडेव्हच्या नियमातून लांबलचक काम करवून घ्यायचं नसतं, तो वाट बघत नाही, मधेच तोडतो. म्हणून नियम फक्त सिस्टमडीच्या (पाठीमागची कामं चालवणाऱ्या भागाच्या) एका सेवेला हाक मारतो आणि ती सेवा डीडीसीयुटिल चालवते.

रात्री साडेनऊला बटण दाबलं. दोन सेकंद काळं, मग चित्र, मग कीबोर्ड. परत दाबलं. आईला बोलावून दाखवलं. "बरं," म्हणाली, "भाकरी गार झाली."

९ ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी. आठवड्यात निघालेल्या खोड्या, निघतील तशा.

डेस्कटॉप सुरू होताना कीबोर्ड 'आला' असं धरतो आणि मीटिंगच्या ऐन मध्यात पडदा ओढून घेतो. लाईट जाऊन आल्यावर तर हमखास. सेवेला एक तपासणी घातली: मशीन सुरू होऊन दोन मिनिटं झाली नसतील तर गप्प बस.

स्विचचं बटण दाबताना थरथर होते, कीबोर्ड जातो-येतो-जातो. आज्ञा एकामागून एक जातात आणि मॉनिटर गोंधळतो. अर्धा सेकंद थांबून शेवटी काय उरलं ते बघून एकच आज्ञा पाठवली, बरं झालं.

डेस्कटॉप बंद असेल तर मॉनिटरला लॅपटॉपकडे कोण पाठवणार? कोणीच नाही. पण मॉनिटरचा आपोआप शोध चालू ठेवलाय, एचडीएमआय मेलं की तो स्वतःच यूएसबी-सीवर जातो.

लॅपटॉपच्या खिडक्या दर वेळी गोळा होऊन त्याच्या छोट्या पडद्यावर चेंगरायच्या. विंडोज ११ च्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरगणिक खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायची खूण आहे. त्याला अॅडमिन लागत नाही. केली.

चार्जिंगची एक तक्रार लॅपटॉप करत होता, चार्जर हळू आहे म्हणून. मॉनिटर ६५ वॉट देतो, पण साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे ६० वॉट. त्याच्या वर पाच अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. पाच वॉटसाठी नवी केबल घेणार नाही, तक्रारीचा चौकोन बंद केला.

१८ ऑगस्ट, रविवार

कोयरीचं राहिलं होतं. आता पूर्ण पडदा वापरतो तेव्हा चित्र ताणलं जात नाही आणि वहिनींना मनातला भागाकार परत करावा लागतो. मॉनिटर मुद्दाम वाकडा लावणं बरं नव्हे, अक्षरंही वाकडी होतात आणि मोड बदलताना पडदा नाचतो.

वहिनी ज्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाईन काढतात त्या गिंपमध्येच उत्तर होतं, कुठे शोधायचं ते माहीत नव्हतं. प्रत्येक चित्राला छपाईसाठीचं रिझोल्यूशन असतं, आडवं वेगळं आणि उभं वेगळं देता येतं. तिथे आडवं ८४, उभं ५६ लिहिलं. मग व्ह्यू मेनूतलं 'डॉट फॉर डॉट' बंद केलं. कोयरी झटकन उभी झाली, बाकी पडदा सरळच. फाईलमधला एकही पिक्सेल हललेला नाही, पंचिंगवाल्याला तीच बीएमपी जाते, बदललं फक्त आपण बघतो ते.

वर प्रेफरन्समध्ये पडद्याचं मोजमाप घातलं, या मॉनिटरला इंचात ११० पिक्सेल. आता झूम १०० टक्के ठेवला की कापडावर जेवढं तेवढंच पडद्यावर. वहिनींनी शिवणाची पट्टी आणून काचेला लावली. १६८ बाय ११२ ची कोयरी: दोन इंच बाय दोन इंच. त्या काही बोलल्या नाहीत, जुन्या सगळ्या फाईली एकेक करून उघडायला लागल्या. त्यांना बसायला दिलं आणि मी बाहेर येळ्ळूर रोडला फिरून आलो.

३१ ऑगस्ट, शनिवार

पीबीपी अजून मेनूतून हातानेच लावतो. त्याची आज्ञा मॉनिटर सांगत नाही, आणि अंदाजाने भलत्या क्रमांकात आकडे लिहायचे नाहीत असं ठरवलंय. एकदा असंच केलं तेव्हा मेनूची भाषा बदलून बसली होती. संध्याकाळच्या तासाभरापुरतं पीबीपी लागतं, तेव्हा गोळी फिरवायची. चालतंय की.

बटणाचा डबा टेबलाखाली स्क्रूने बसवला, दाराच्या बाजूला. अप्पा शेडमधून येता येता दाबून जातात, पडद्यावर ऑर्डरची यादी बघायला. परवा माझ्या मीटिंगच्या मध्ये दाबलं. पडदा गेला, मी लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावरून बोलत राहिलो, त्यांनी यादी वाचली, परत दाबून निघून गेले. मीटिंगमध्ये कुणाला पत्ता नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन. कपिलेश्वरपर्यंत जाऊन आलो, रात्रभर जागरण, डोकं जड. सुट्टी टाकली.

नव्या कोयरीची पहिली साडी परवा मागावरून उतरली, आज वहिनींनी टेबलावर पसरली. पडद्यावर फाईल उघडी होतीच. पट्टी लावली. उंचीला दोन इंच, बरोबर. रुंदीला मात्र सूतभर (इंचाचा आठवा भाग) कमी, पावणेदोनच्या पुढे एक सूत. पडद्यावर दोन.

मी गिंपचं सेटिंग परत तपासायला बसलो. अप्पा म्हणाले, "ते तुझ्या मशीनचं नव्हं. चौऱ्याऐंशी हा मागावरच्या फणीचा हिशेब. मागावरून उतरलं की कापड आक्रसतंयच."

वहिनींनी १६८ ला पावणेदोन आणि एक सूत यांनी भागायला सांगितलं. ८९.६ आलं. आडवं ८४ खोडून ९० केलं, पट्टी काचेला लावली, कापड शेजारी धरलं. जुळलं. आता बाकीच्या एकवीस फाईलींत तोच आकडा घालायचाय, त्या बसल्यात. बटण माझ्या बाजूला नाहीये.